घोडउतारावरची खूण

१४ सप्टेंबर २०२५, रविवार. सकाळी ६ वाजून १० मिनिटे.

धावंड्याच्या रानात, नाल्याच्या काठावर सायकल उलटी करून बसलो आहे आणि मागच्या टायरमधले बाभळीचे काटे चिमट्याने काढतो आहे. नऊ निघाले. दहावा मोडला, त्याचे टोक आतच आहे. ते बोटाला लागते पण दिसत नाही.

वही कशासाठी, ते आधी लिहून ठेवतो. मी बारावीला इंग्रजीत राहिलो आणि पुन्हा बसलो नाही. तीन वर्षे झाली, मंगरूळपीरला हरीओमदादाच्या सायकलच्या दुकानात कामाला आहे. राहतो इंझोरीला, आईजवळ. मागच्या वर्षी एका डॉक्टरांनी त्यांची डोंगरी सायकल भंगारात देऊन टाकली. जाड टायर, पुढे दणके खाणारा फोर्क, डिस्क ब्रेक. ती मी दुरुस्त केली आणि या रानात घातली. त्याचा व्हिडिओ अकोल्याच्या सायकल ग्रुपने पाहिला. त्यांचे प्रमुख वीरेंद्र सर यांचा फोन आला. बारा जण येणार, रविवारी २ नोव्हेंबरला. वाट मी दाखवायची, नाश्ता-जेवण मी द्यायचे.

ही राईड नीट झाली तर दर रविवारी करता येईल आणि मी इथेच राहीन. नाही झाली तर दिवाळीनंतर पुण्याला. मामेभावाने एका गोदामात माझ्यासाठी जागा सांगून ठेवली आहे. आई म्हणाली, “दोन तारखेपर्यंत थांबते मी. मंग बोलाचं नाई.”

हरीओमदादा तर हसतच सुटला. “लेका, लोकं डांबरी रस्त्यासाठी मोर्चे काढतात, आन् तू पैसे घिऊन त्याइले गोट्याइतून नेतं?”

पण मला दुसरीच गोष्ट स्वस्थ बसू देत नाही. या रानात वाटा किती, हे कोणालाच सांगता येत नाही. गावातून पाहिले तर दोनच टेकड्या. आत शिरले की एका वाटेच्या तीन होतात, त्यातली एक नाल्यात नाहीशी होते आणि पलीकडे भलत्याच जागी वर येते. पहिल्यांदा कोण चालले असेल? गुरांची वाट टेकडीला वळसा घालते. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांची वाट झुडपाझुडपाला शिवत जाते. डोक्यावर मोळी असलेल्या माणसाची वाट फांद्यांखालून कधीच जात नाही. हे मला सायकलवर बसल्यावर कळले. लहानपणापासून इथे चालत होतो तेव्हा कळले नव्हते.

सगळ्यात चांगली वाट घोडउतार. माथ्यावर मोहाचे मोठे झाड आहे. तिथे तीन वाटा फुटतात. डावी प्रेमनगर तांड्याला, उजवी परत नाल्याला, आणि मधली सरळ खाली, दगडांच्या पायऱ्यांवरून दोन वळणे घेत. वीरेंद्र सर त्या उतारासाठीच येत आहेत. हे नाव का पडले ते विचारले. एक म्हणाला, इथून घोडा उतरला म्हणून. दुसरा म्हणाला, उतरला नाही म्हणून.

१७ सप्टेंबर, बुधवार

दुकानातून आज सुट्टी घेतली. सागाच्या खोडावर पिवळा बाण काढत होतो. मागून आवाज आला.

“ब्रश खाली ठेवा.”

वनरक्षक होत्या. उज्ज्वला राठोड मॅडम. वय माझ्याएवढेच असेल. जूनमध्ये या बीटवर आल्या. हातात काठी, पायात गमबूट.

“काय करून राह्यले भाऊ?”

“खुणा करतो, मॅडम. सायकलवाल्यांना वाट कळावी म्हणून.”

“झाडाले इचारलं का?”

मी ब्रश ठेवून डबा बंद करू लागलो. झाकण बसेना.

“झाडाले रंग लावला, खिळा ठोकला, प्लास्टिकची पट्टी बांधली, तं केस करीन. आताच सांगून ठेवते.”

“मग खूण कशाची करू?”

त्यांनी इकडेतिकडे पाहिले. “दगडं काय कमी हायेत इथं? दगडावर दगड ठेवा. कोनाचं काई जात नाई. आन् अर्ज द्या. मी साहेबाकडे नेते.”

परत आल्यावर अर्ज लिहिला. ‘वनपरिक्षेत्र’ या शब्दापाशी अडलो, म्हणून शाळेच्या मास्तरांना फोन केला. चौथी प्रत पक्की.

२१ सप्टेंबर, रविवार

दिवसभर दगड. पद्धत ठरवली. दोन दगड एकावर एक म्हणजे सरळ जा. शेजारी तिसरा असेल त्या बाजूला वळा. सगळ्या फाट्यांवर ठेवून झाले.

घोडउताराच्या माथ्यावर जास्त काळजी घेतली, कारण तिथे कोणी चुकला तर थेट खोंगळीत, म्हणजे बाजूच्या खोल घळीत जाईल. मोहाच्या बुंध्याशी सपाट दगड मांडला. त्यावर एक उभा, लांबट, वर निमुळता. शेजारी, उताराच्या अंगाला, छोटा. पण मोहाच्या सावलीत ते लांबून दिसत नव्हते. घरी भिंतीसाठी आणलेला आईचा गेरू उरला होता, तो कालवून उभ्या दगडाला लावला. गेरू म्हणजे मातीच, पावसाने धुऊन जाईल. रंग म्हणून मॅडमही हरकत घेणार नाहीत.

वीस पावले मागे जाऊन पाहिले. सगळ्यात आधी नजर तिथेच जाते. ही माझी आजवरची सर्वांत चांगली खूण आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

पाऊस. नाला भरून वाहतो आहे. घरी ट्यूबला ठिगळे.

२८ सप्टेंबर, रविवार

घोडउताराच्या माथ्यावर मी तीन दगड ठेवले होते. आज नऊ आहेत.

आधी वाटले, मोजण्यात चुकलो. पण मी चुकलेलो नाही. बाकीच्या फाट्यांवर जसेच्या तसे आहेत, फक्त नाल्याजवळ एक पडला आहे. जास्तीचे सहा उचलून झुडपात टाकले आणि खूण पुन्हा नीट केली. गेरू पावसाने गेला असेल, असे मला वाटले होते. पण दगड अजून तांबडाच होता, उलट जास्तच. ओलीमुळे रंग गडद दिसत असावा.

मॅडम गस्तीवर भेटल्या. विचारले, माकडे दगड रचतात का?

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग नाल्याकडे तोंड फिरवून म्हणाल्या, “माकडं नाई. रोही असन.”

रोही म्हणजे नीलगाय, एवढा जड प्राणी, तो दगड कसा रचेल? पण त्या रोज रानात असतात, त्यांना माहीत असणार. अर्ज वाचला म्हणाल्या. “एक बी चूक नाई त्यात. असा अर्ज मी पह्यल्यांदा पाह्यला.” चेष्टा होती की खरे, ते कळले नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

आज छडा लावायचाच, म्हणून सकाळीच जाऊन करवंदीच्या जाळीआड बसलो. दगड आता तेवीस झाले होते. वर आपट्याची पाने, दसऱ्याची.

बऱ्याच वेळाने तांड्यातल्या नानीबाई आल्या. त्यांना सगळे ‘याडी’ म्हणतात, म्हणजे आई. डोक्यावर मोळी. माथ्यावर थांबल्या. मोळीमुळे खाली वाकता येईना, तर पायाच्या बोटांत एक दगड धरला, गुडघा वर घेतला, हातात घेतला आणि ढिगावर ठेवला. मोळी जराही हलली नाही. मग कमरेच्या पिशवीतून चिमूटभर शेंदूर काढून उभ्या दगडाला लावला.

मी जाळीतून बाहेर आलो. त्या दचकल्या नाहीत.

“याडी, हे काय आहे?”

“देव हाय ना, बापू.”

“कधीपासून?”

“लय जुना हाय. माह्या सासूच्या येळचा.”

“पण मागच्या महिन्यात तर नव्हता.”

“तुले दिसला नसन.” आणि त्या चालू लागल्या. चार पावलांवर वळून म्हणाल्या, “वाटंवर दगडाचा ढीग दिसला का हात रिकामा नाई न्यायचा. ठेव एखांदा.”

मी ढीग पुन्हा पाहिला. सपाट दगड, त्यावर उभा दगड, वर लाल रंग, मोठ्या झाडाखाली, तीन वाटा फुटतात तिथे. मी याच जिल्ह्यात जन्मलो. अशा ठिकाणी मी स्वतः किती वेळा हात जोडले आहेत. तरी दगड रचताना माझ्या डोक्यात फक्त डावे-उजवे होते.

रोही! मॅडमना माहीत होते.

८ ऑक्टोबर, बुधवार

हरीओमदादाला सांगितले. त्याने हातातला पाना खाली ठेवला.

“अबे, तू देव बसोला! लोकं यासाठी वर्गणी काढतात, भटजी बोलावतात. तुनं आईच्या गेरूत काम भागोलं.”

“दादा, चेष्टा नका करू. बारा जण येणार आहेत.”

“चांगलं हाय की. राईडसंगं दर्शन फुकट. नारळाचं दुकान मी टाकतो.”

संध्याकाळी मॅडमचा फोन. परवानगी मिळाली. दिवसा, पायवाटेवरूनच, कचरा नाही, बांधकाम नाही. मग म्हणाल्या, “आन् तुमच्या त्या देवाले ओटा नका होऊ देऊ. सिमेंट आलं का मले वर लिहा लागन. दगडं हायेत तोवर दगडंच.”

“मॅडम, तुम्ही मला आधी का सांगितले नाही?”

“मले पाह्यचं होतं, तुमाले कधी समजते ते.”

१२ ऑक्टोबर, रविवार

पूर्ण फेरी मारून पाहिली. घोडउतार आता जमत नाही.

कारण लिहून ठेवतो. माथ्यावर एका बाजूला मोहाच्या मुळ्या आहेत, दुसऱ्या बाजूला खोंगळी. मधली जागा हातभर रुंद. तिथूनच सीट खाली करून, वजन मागे टाकून वेग घ्यावा लागतो, तरच पहिली दगडी पायरी सुटते. वेग नसेल तर पुढचे चाक अडकते आणि माणूस हँडलवरून खाली. ढीग त्या हातभर जागेतच पसरला आहे. मी खूण तिथे ठेवली होती कारण वाट तिथूनच जाते. म्हणजे लोकांनी दगड बरोबर जागीच ठेवले.

वीरेंद्र सरांचा फोन आला. “घोडउतार नक्की ना? साधे रस्ते आम्हाला इकडेही आहेत.” मी “हो” म्हणालो. सर्वांचे आगाऊ पैसे आले आहेत.

ढीग फक्त दहा फूट सरकवायला हवा, मोहाच्या पलीकडे. पहाटे एकट्याने जाऊन तासाभरात होईल. कोणाला कळणारही नाही. असा विचार आला आणि लगेच दुसरा. न विचारता ठेवले त्याचे हे झाले, आता न विचारता हलवले तर काय होईल?

१९ ऑक्टोबर, रविवार

तांड्यावर गेलो. तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, मोहनसिंग यांच्याकडे. ते ओट्यावर बसून दाढी करत होते. उद्या-परवा दिवाळी, म्हणून अंगणात बाया सारवत होत्या. काही घरांसमोर गाठोडी बांधून ठेवलेली दिसली. दिवाळी झाली की अर्धा तांडा ऊसतोडीला जातो.

मी सगळे खरे सांगितले. खूण, गेरू, सगळे. फक्त आईचे नाव घेतले नाही.

नाईकांनी आरशातूनच विचारले, “दगड तू ठेवला?”

“हो.”

“गेरू कोनाचा?”

“आईचा.”

“जागा कोनं दाखवली?”

“कोणी नाही. उतार तिथूनच सुरू होतो.”

“मंग तुले तिथं कोनं आनलं?”

“सायकलने.”

सारवणाऱ्या बाया हसू लागल्या. नाईकही हसले, गालाला वस्तरा लागला. फडके दाबून धरत म्हणाले, “पोट्ट्या, दगड सगळे हातानंच ठेवतात. देवाचे हात कोनं पाह्यले? तुले वाटते तुनं ठेवला. वाटू दे.”

“नाईकसाहेब, तो दहा फूट सरकवला तर चालेल का?”

“मी एकटा नाई सांगत. भाऊबीज झाली का बैठक घेतो. समदे घरी हायेत तोवर.”

नानीबाई कोपऱ्यात शेण कालवत होत्या.  त्यांनी मला माझ्याच देवाचे वय सांगितले होते, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

बैठक झाली. मी रात्रभर उत्तरे पाठ केली होती, एकही लागले नाही. पानसुपारी फिरली, उसाचा मुकादम, उचल, गाडीत जागा किती, यावरच सगळा वेळ गेला. शेवटी नाईकांनी माझे सांगितले. एक म्हातारा म्हणाला, “देवाले काय, इकून का तिकून. झाड तेच हाय ना?” दुसरा म्हणाला, “पोट्टा इचाराले आला, हेच लय झालं.” झाले. सरकव म्हणाले. फक्त गाड्या गेल्यावर सरकव, आधी नको.

गाड्या गुरुवारी ३० तारखेला जाणार. म्हणजे ३१ला मी ढीग हलवतो, १ला फेरी मारून पाहतो, २ला राईड. सगळे बसते. बाहेर मॅडम भेटल्या, त्यांना सांगितले. म्हणाल्या, “चांगलं झालं, अमरदीप.”

रोज भाऊ म्हणतात. आज म्हणाल्या नाहीत. माझे काही चुकले असेल का?

घरी आल्यावर आईला सांगितले. ती म्हणाली, “पुन्याची बॅग धुऊन ठेवली हाय मी. नंतर घाई नको.”

३० ऑक्टोबर, गुरुवार

आज जे पाहिले ते जसेच्या तसे लिहितो.

सकाळी घोडउतारावर गेलो होतो, उद्या दगड कुठे मांडायचे ती जागा साफ करायला. तांड्याकडून माणसे येताना दिसली. ट्रक खाली रस्त्यावर उभे होते, पण लोक आधी वर आले होते. डोक्यावर गाठोडी, हातात कोयते, कडेवर लेकरे. रांग नव्हती, पण गर्दीही नव्हती. प्रत्येक जण माथ्यावर येऊन एक दगड ठेवत होता.  एका बाईने तीन ठेवले, एक मोठा, एक मधला आणि एक बोराएवढा. बोराएवढा तिने दोनदा बसवला, तो घसरत होता.

मी नानीबाईंना हळूच विचारले, “याडी, एवढे दगड कशाला?”

“आजचे देवाचे नाईत. जानाऱ्याचा एक. ज्याचा त्यानं ठेवाचा. लेकराचा मायनं.”

“आणि मग?”

“मंग काय. परत आलं का आपला दगड उचलते आन् खाली फेकून देते. चैतापर्यंत ढीग सरून जाते.”

“हे तुमच्याकडे नेहमीचे आहे का?”

“आधी फाट्यावरच्या चिंचंखाली ठेवत होतो. रस्ता मोठा केला तवा चिंच गेली. चार साल झाले, कोनाले जागा सापडंना. नुसतेच जात होते.” त्यांनी पदराने नाक पुसले. “औंदा सापडली.”

त्या स्वतः जात नाहीत, गुडघे चालत नाहीत. त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे गेली. ट्रक सुटल्याचा आवाज वरपर्यंत आला. मग शांत झाले. फक्त शेळ्या.

मी साफ केलेली जागा तशीच राहिली.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

हलवायला गेलो. परवानगी होती. घमेले नेले होते.

वरचा एक दगड उचलला. लाल कड असलेला, मुठीएवढा. तो कोणाचा, हे मला माहीत नव्हते. दुसऱ्या जागी मांडताना तो खाली जाईल, दुसरा वर येईल. चैत्रात आलेल्या माणसाला आपला दगड सापडला नाही तर? त्याने काय समजावे? बैठकीत देवाला सरकवायची परवानगी मिळाली होती. हे त्यांनी सांगितले नव्हते, कदाचित त्यांना सांगण्यासारखे वाटलेही नसेल.

तो बोराएवढा दगड दिसला. अजून बसला होता.

लाल कडेचा दगड होता तसा परत ठेवला. तीनदा तपासला. घमेले रिकामे घेऊन आलो.

१ नोव्हेंबर, शनिवार

वीरेंद्र सरांना फोन केला. जे आहे ते सांगितले. माथ्यावर उतरायचे, सायकल हातात धरून मुळ्यांवरून चालत न्यायची, पहिली पायरी चालत. खालचे दुसरे वळण मात्र चालवता येईल.

“अरे, मग मजा काय राहिली? देवाचे दगड जरा बाजूला ठेवता येत नाहीत?”

“देवाचे असते तर ठेवले असते, सर. परवानगी आहे. ते माणसांचे आहेत.”

“म्हणजे?”

ऊसतोड, ढीग, चैत्र, सगळे जमेल तसे सांगितले. ते म्हणाले, ग्रुपमध्ये विचारतो. दुपारी एकेकाचे मेसेज येऊ लागले. घरी पाहुणे आहेत. तब्येत ठीक नाही. पुढच्या वेळी नक्की. रात्रीपर्यंत सात जण गळाले.

आईला सांगितले, पाच जण येतात. ती पोहे निवडत होती. “पाचाइले बी भूक लागतेच,” एवढेच म्हणाली.

२ नोव्हेंबर, रविवार

राईड झाली. आधी वाईट लिहितो. एकाची चेन तुटली. नाल्यात वीरेंद्र सर पडले, कोपर खरचटले. पुढच्या फाट्यावर माझ्या खुणेतला तिसरा दगड गुरांनी पाडला होता आणि दोघे जण तेंदूवाटेने भलतीकडे गेले. त्यांना शोधायला अर्धा तास गेला. पण ते आनंदात परत आले. म्हणाले, तिकडे एक वाट आहे, ती खडकावरून थेट तळ्याच्या भिंतीवर निघते, तुला माहीत आहे का?

मला माहीत नव्हती. एवढे महिने फिरतो आहे आणि मला माहीत नव्हती! कोणाची असेल? गुरे खडकावरून जात नाहीत.

घोडउतारावर सगळे उतरले. वीरेंद्र सर उतार बघून हळहळले, मान हलवत राहिले. सपना नावाच्या बँकेत काम करणाऱ्या ताई होत्या, त्यांनी खाली वाकून एक दगड घेतला.

“आपणही ठेवूया ना. छान प्रथा आहे.”

“नको, ताई,” मी म्हणालो. माझा आवाज जरा मोठाच निघाला. “तुम्ही आज संध्याकाळीच घरी जाणार ना.”

 त्यांनी ढिगाकडे पाहिले. मग दगड जिथून घेतला होता तिथेच ठेवला. सगळे सायकल हातात धरून पहिली पायरी उतरले. दुसऱ्या वळणावर मात्र सगळे ओरडत खाली गेले, सर सगळ्यांत पुढे.

जेवण तांड्यात, नानीबाईंच्या अंगणात. भाकरी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. मॅडम गस्तीवरून आल्या, हातात संत्र्यांची थैली. सर्वांना वाटली. मला सोलून दिले. बहुधा माझे हात ग्रीसने काळे होते म्हणून.

जाताना वीरेंद्र सर म्हणाले, “चैत्रात ढीग संपतो म्हणालास ना? तेव्हा वरून उतरू. मधे ती तळ्याची वाट शोधून ठेव.” पण हे बोलणे झाले, तारीख ठरली नाही. बाराचे पाच झाले. आईला दिलेल्या शब्दाप्रमाणे मी पुण्याला जायला हवे.

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी भांडी परत द्यायला तांड्यावर निघालो. माथ्यावर नानीबाई बसल्या होत्या, शेळ्या चरत होत्या. मॅडमही होत्या, नोंदवहीत काही लिहीत.

“पुन्याले चाललास म्हन्ते तुही माय,” नानीबाई म्हणाल्या.

“बहुतेक.”

“मंग ठेव.”

मी इकडेतिकडे पाहून एक दगड उचलला. चपटा, राखाडी. ढिगावर हात नेला.

“उचलाले कधी येशीन?”

मी विचार केला. गोदामात सुट्टी कधी मिळते ते माहीत नाही. मामेभाऊ दोन वर्षांत एकदा आला होता, तोही लग्नाला.

“सांगता येत नाही, याडी.”

“मंग नको ठेवू. ज्याचं येनं ठरलं नाई, त्याचा दगड इथं ठेवत नाईत. कोन पाह्यत बसन त्याच्याकडे?”

दगड हातातच होता. मॅडमनी वही मिटली. “लवकर ठरव अमरदीप. मले तळ्याकडे जाचं हाय. ते खडकावरची वाट कोनाची हाय, मले बी माहीत नाई.”

मी दगड जिथून घेतला होता तिथे ठेवला. त्याखाली मुंग्यांचे वारूळ होते, त्या सैरावैरा झाल्या होत्या. नीट बसवला.

मग मॅडमबरोबर तळ्याकडे गेलो. वाट साळिंदराची निघाली. निदान मॅडम तसे म्हणतात. खडकाच्या कपारीत काटे पडले होते. पण साळिंदर तळ्याच्या भिंतीपर्यंत कशाला जाईल? तिथून पुढेही एक फाटा आहे.

घरी येऊन आईला म्हणालो, मी जात नाही. ती “बरं” म्हणाली आणि पीठ मळत राहिली. बॅग परत ठेवायची म्हणून शोधली, खाली दिसली नाही, म्हणून माळ्यावर चढलो. बॅग तिथेच होती, वर्षभराची धूळ तशीच. ती तर धुतली होती म्हणाली होती.

हिशेब. जमा, पाच जणांचे सहाशेप्रमाणे ३,०००. खर्च, तांड्यातले जेवण १,१००, पोहे-चहा ३४०, ट्यूब आणि ठिगळे ४८०, प्रथमोपचाराची पेटी ५२०, सामान आणायला घेतलेल्या हरीओमदादाच्या गाडीचे पेट्रोल २००. एकूण २,६४०. शिल्लक ३६०.

देणे, न आलेल्या सात जणांचे आगाऊ दोनशेप्रमाणे १,४००. वेगळे ठेवले आहेत, उद्या पाठवतो.

देणे, उज्ज्वला राठोड, संत्री एक थैली. किंमत विचारली तर म्हणाल्या, लिहू नको. हिशेबात जागा रिकामी ठेवता येत नाही. रविवारी तळ्याच्या पुढचा फाटा बघायला जायचे आहे, तेव्हा पुन्हा विचारीन.